देखावा पाहा, पण भिंतही पाहा

‘घर पाहावे बांधून’ आणि ‘मने कट्टि नोडु’. आपल्या घराघरांत दोन्ही म्हणी ऐकू येतात आणि अर्थही एकच. पण पुण्या-बेंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या मुलांना घर बांधून पाहण्याची संधी कुठली? त्यांनी दुसऱ्याने बांधलेलेच पाहायचे. पुष्कळदा ते असते बाराव्या-चौदाव्या मजल्यावरचे जुने वन बीएचके. एजंट बाल्कनीचे दार उघडतो, वारा आत येतो, खाली सारे शहर दिसते. “किचनची भिंत काढली की हॉल केवढा होतो बघा,” असे तो म्हणतो आणि मन भुलते. इकडे आई-बाबा टिळकवाडीतला प्लॉट विकायचा की फंड मोडायचा, या विचारात असतात. म्हणूनच होकाराआधी देखावा आणि भिंत, दोन्ही नीट तपासायला हवे.

आधी देखावा. तो करारात लिहिलेला नसतो. समोर आज मोकळा प्लॉट असेल, तर उद्या तिथे तेवढाच टॉवर उभा राहू शकतो. समोरच्या जागेवर कसले आरक्षण आहे ते शहराच्या विकास आराखड्यात बघावे. टेकडी, तळे, बाग यांचा भरवसा रिकाम्या प्लॉटपेक्षा जास्त. घर एकदा दुपारी चारला पाहावे, म्हणजे पश्चिमेची मोठी काच किती तापते ते कळते. जमल्यास पावसातही एक फेरी मारावी. खिडकीच्या कोपऱ्यातली ओल नव्या रंगाखाली लपवता येते, पण पावसात ती बोलते.

आता भिंत. जुन्या आरसीसी इमारतीत भार कॉलम, बीम आणि स्लॅब यांच्यावर असतो. मधली चार इंची विटेची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. तज्ज्ञाने पाहून, परवानगी घेऊन ती काढता येते. पण अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये ‘मायवान’ पद्धतीने भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. तिथे भिंतच भार पेलते. ती पाडणे दूरच, वायरसाठी मनाला येईल तिथे खाचही पाडू नये. तेव्हा पहिला प्रश्न हा, की भिंत विटेची की काँक्रीटची? उत्तर एजंटकडून नको, इमारतीच्या स्ट्रक्चरल नकाशावरून हवे.

फरशीचेही तसेच. जुनीवर दोन इंच मसाला आणि नवी टाइल म्हणजे चौरस फुटाला साधारण १२ किलो. चारशे चौरस फुटांत हे ओझे पावणेपाच टनांपर्यंत जाते. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे आणि सामान यांसाठी चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो धरलेले असतात. त्यातले निम्म्याहून जास्त फरशीनेच खाल्ले तर? जुनी काढूनच नवी बसवावी. बाथरूमही हलवू नये. तिथला स्लॅब पाइपांसाठी मुद्दाम खाली सोडलेला असतो. जागा बदलली तर गळती खालच्यांच्या बेडरूममध्ये.

फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर नूतनीकरण चालू असताना जमीन खचली आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब एकावर एक कोसळले. दोन महिलांचा जीव गेला. पुढे तपासणीत ते बांधकाम मुळातच कमकुवत निघाले. वरून ते कुणाला दिसले होते? म्हणून महाराष्ट्रातल्या सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे.

कागद मात्र दोन राज्यांत वेगळे. पुण्यात फ्लॅट बहुधा सहकारी सोसायटीत असतो. तिथे शेअर सर्टिफिकेट बघावे. शहरात ट्रान्सफरचा प्रीमियम २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. बेंगळुरूत बहुतेक ठिकाणी फ्लॅटमालकांची असोसिएशन असते. तिथे जमिनीतला अविभाजित वाटा आणि ई-खाता पाहावा. २०२४ पासून नोंदणीला ई-खाता लागतो. भोगवटा प्रमाणपत्र दोन्हीकडे हवेच. आणि क्षेत्रफळ सुपर बिल्टअपमध्ये ऐकू नये, टेप घेऊन कार्पेट स्वतः मोजावा.

बयाणा देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवावे. लाखोंच्या व्यवहारात त्याची फी जड नाही. तो ‘भिंत काढू नका’ म्हणाला, तर घरच्या सगळ्यांनी मिळून एकच विचार करावा: आहे तसेच हे घर आपल्याला पुरेल का? आई-बाबा महिनाभर राहायला आले तर झोपतील कुठे, देव कुठे बसतील, लिफ्ट बंद पडली तर गुडघेदुखीचे माणूस वर कसे येईल? या प्रश्नांची उत्तरे पटली तर घर जरूर घ्यावे. न पटली तर बाल्कनीतून दिसणाऱ्या शहरात दुसरी घरे पुष्कळ आहेत.