कानाच्या वाटेने निघालेला शब्द

म्हसावदहून राणीपूरमार्गे तोरणमाळच्या घाटाकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने जातो. पावसाळ्यात इथे जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला मण्यारचं भय असतं. हा साप रात्री चावतो आणि अनेकदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही, श्वास अडखळतो. व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या अशा रुग्णाची कधी कधी बुबुळंही थांबतात. नातेवाइकांना वाटतं, संपलं. पण मण्यारचं विष नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप तोडतं. मेंदू शाबूत असतो. खाटेवरचा माणूस आत जागा असू शकतो आणि उशाशी चाललेलं रडणं त्याला ऐकूही येत असतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गिलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या चेतांच्या आजाराची साथ आली, तेव्हा शहरालाही या अवस्थेची ओळख झाली. जीबीएस आणि सर्पदंशाचे बहुतेक रुग्ण वेळेवर उपचार मिळाले तर पुन्हा बोलू लागतात. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये तसं होत नाही. हात जातात, आवाज जातो, बहुधा शेवटपर्यंत डोळे साथ देतात, म्हणून नजरेवर चालणारे संगणक निघाले. डोळेही थकले तर? तेव्हा कान उरतात.

एसटी स्टँडच्या गोंगाटात ‘शहादा, शहादा’ अशी हाक आली, की त्याच गाडीची वाट पाहणाऱ्याचे कान टवकारतात. त्या क्षणी मेंदूत एक लहर उठते. हवा असलेला किंवा क्वचित येणारा आवाज कानी पडल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी दिसणारी ही लहर सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये नोंदवली. तिला ‘पी-३००’ म्हणतात. ती व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढी क्षीण असते, म्हणून तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवून तिची सरासरी काढावी लागते. अशा लहरींवरून उत्तर ओळखण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉड्सवर्थ सेंटरच्या जेरेमी हिल यांनी एका कानात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ वाजवलं. ज्या शब्दाकडे माणसाने लक्ष दिलं, तेच त्याचं उत्तर. २०१४ च्या त्या प्रयोगात निरोगी लोकांची साधारण चारपैकी तीन उत्तरं यंत्राने बरोबर ओळखली. कवटी उघडावी लागली नाही, डोक्याला फक्त इलेक्ट्रोड लावले होते.

जर्मनीतल्या एका रुग्णासाठी मात्र कवटी उघडावी लागली. तिशीतला हा बाप पूर्ण जखडलेला, नजरही हरवलेली. २०१९ मध्ये त्याच्या मेंदूत ६४-६४ सूक्ष्म इलेक्ट्रोडचे दोन संच बसवले. चेतापेशी जास्त स्पंदल्या की स्पीकरमधला सूर चढे, कमी स्पंदल्या की उतरे. चढा सूर म्हणजे हो, उतरता म्हणजे नाही. संगणक अक्षरांचे गट वाचून दाखवी आणि तो सुराने निवड करी. वेग मिनिटाला जेमतेम एक अक्षर. उज्ज्वल चौधरी, जोनास झिमरमन, नील्स बिरबाउमर आदींनी २०२२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. चौधरी आणि बिरबाउमर यांचा २०१७ चा एक शोधनिबंध आधी मागे घेतला गेला होता, त्यामुळे हे यश इतर ठिकाणीही तपासलं जायला हवं. तरीही त्या माणसाने काय मागितलं, ते विसरता येत नाही: सूप, बटाटा घातलेली करी, आवडत्या बँडचं गाणं आणि तेही मोठ्या आवाजात. लेकावर प्रेम असल्याचंही त्याने सांगितलं.

मिनिटाला एक अक्षर, म्हणजे अक्षरं कोणत्या क्रमाने विचारायची याला फार मोल आहे. इथे मराठीकडे मोठं धन आहे. आपली वर्णमाला मुळात तोंडाने म्हणायची आणि कानाने ऐकायची: क, च, ट, त, प असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच व्यंजनं. पंचवीस व्यंजनं एकेक करून विचारली तर सरासरी तेरा प्रश्न पडतात. आधी वर्ग आणि मग व्यंजन विचारलं तर सहाच. आयआयटी मुंबईतल्या अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने २०१३ मध्ये आणलेला ‘स्वरचक्र’ कळफलक याच मांडणीवर उभा आहे. तो बोटांसाठी आहे. कानांसाठीही असं काही व्हायला हवं. आणि ते ऐकवणारा आवाज पावरी, भिली किंवा अहिराणीतला, घरच्या माणसाचा असावा.

एक बोट किंवा पापणी हलत असेल, तर यंत्राचीही गरज नाही. उशाशी बसलेल्याने हळू विचारावं: क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? त-वर्ग? प-वर्ग? पापणी हलली की त्या वर्गात शिरावं. प? फ? ब? ‘पाणी’ हा शब्द तिथूनच सुरू होतो.