वीटभट्टीचा बयाणा व सरकारी कर्ज

भिवंडी तालुक्यातील कातकरी वाड्यांवर दिवाळी आटोपली की सामसूम पसरते, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या नित्य पाहण्यातील आहे. भाताची कापणी संपताच कुटुंबेच्या कुटुंबे चूलबोळकी बांधून वीटभट्टीवर जातात आणि वैशाख सरता सरता परत येतात. ही माणसे हौसेने घर सोडीत नाहीत. ती आधीच पैसे घेऊन बसलेली असतात. श्रावण-भाद्रपदात घरातील धान्य संपते, दुखणेबाणे निघते, आणि नेमक्या त्याच वेळी भट्टीवाल्याचा मुकादम दारी येऊन बयाणा देऊन जातो. पुढे हजार विटांमागे ठरलेल्या दराने सबंध कुटुंब तो फेडीत राहते. आठवड्याच्या खर्चीपुरते हाती येते. हिशेब मात्र हंगामाच्या शेवटी होतो, व त्यात काही बाकी निघाली तर ती पुढील सालावर चढते.

बयाणा हे कर्जच होय. त्यास कागद नाही व व्याजाचा दरही नाही. पण कर्जदाराचे पुढील सहा-सात महिने आधीच विकले जातात, हेच त्याचे व्याज.

हा प्रकार आजचा नव्हे. मुंबई सरकारच्या आज्ञेवरून डी. सिमिंग्टन यांनी १९३८ साली आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रकमेपायी नवराबायको वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबतात, हे ठाणे जिल्ह्यातील सत्य त्या चौकशीने उजेडात आणले. पुढे १९३९ साली शेतकरी ऋणनिवारणाचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९७५ साली कर्जमुक्तीचा व १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आला. या कायद्यांनी मागील देणे पुसले, हे मोठेच कार्य झाले. परंतु येत्या भाद्रपदात लागणारा पैसा कायद्याने उत्पन्न होत नाही. तो कोणी तरी द्यावाच लागतो; आणि जो देतो तोच धनी होतो.

त्या महिन्यांतील पोटाची सोय व्हावी म्हणून १९७८ पासून खावटी कर्जाची योजना चालत होती. ती २०१३ नंतर थांबली, व २०२० साली तिच्या जागी कुटुंबास ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले. त्यात निम्मी रोकड व निम्मा जिन्नस होता. खावटीने चार दिवस निभावतात, परंतु धंदा उभा राहत नाही.

धंद्यासाठी निराळी व्यवस्था आहे. आदिवासींना कर्ज पुरविण्यासाठी केंद्र सरकारने २००१ साली स्वतंत्र राष्ट्रीय महामंडळ स्थापिले. त्याचा पैसा आपल्या राज्यात नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत येतो. त्यातील महिला सशक्तीकरण योजनेत दोन लाख रुपयांपर्यंतच्या धंद्यास खर्चाच्या शेकडा ९० पर्यंत कर्ज मिळते, आणि व्याज दरसाल शेकडा ४ आहे. या ‘दरसाल’ शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. खेड्यात शेकडा ४ म्हटले की बहुधा दरमहा समजावे. ५०,००० रुपयांवर वर्षाकाठी सरकारी व्याज २,००० रुपये होते. सावकारी हिशेबाने तेच २४,००० रुपये होते. शेळ्या, पिठाची गिरणी, शिवणयंत्र, सुक्या मासळीचे दुकान, यांपैकी कोणताही लहान धंदा पहिल्या व्याजाने तगेल. दुसऱ्याने तो वर्षाच्या आत बुडेल.

मग हे स्वस्त कर्ज सोडून लोक बयाणा का घेतात? आमच्या मते कारणे तीन आहेत. पहिले, जातीचा दाखला. त्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांची झोपडी परक्याच्या जमिनीवर व ज्यांच्या नावाचा सातबारा कधीच नव्हता, त्यांनी तो कोठून आणावा? दुसरे, जामीनदार. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे, ते म्हणजे वेळ. कागदपत्रांची तपासणी महिनोन्महिने चालते. तोवर अर्जदार भट्टीवर गेलेला असतो. फाल्गुनात मंजूर झालेले कर्ज भाद्रपदातील भुकेला उपयोगी पडत नाही. मुकादम एका रात्रीत पैसे देतो. त्याच्याशी स्पर्धा व्याजाच्या दराने होणार नाही, वेळेवर पैसा दिल्यानेच होईल.

शेजारच्या शहापूर तालुक्यातील उदाहरण बोधप्रद आहे. तेथील कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली गुळवेलीचा व्यापार उभारला. डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा औषधी कारखान्यांकडून त्यांस १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या आल्याचे २०२१ साली जाहीर झाले. रानातून वेल आणणाऱ्यास त्याच सायंकाळी दाम हवे असतात, तर कारखान्याचा पैसा मागाहून येतो. हे मधले अंतर भरून काढण्यापुरते भांडवल हाती असणे, हेच अशा धंद्याचे मर्म होय.

तथापि कर्ज मिळाले म्हणजे भाग्य उघडले, असे आम्ही म्हणत नाही. चराई नसलेल्या गावी शेळ्या, किंवा एका वाडीत दुसरी गिरणी, यांसाठी कर्ज देणे म्हणजे बयाण्याच्या जोडीस आणखी एक देणे लादणे होय. धंदा बाजार पाहून निवडावा. भिवंडीस ती अनुकूलता आहे. यंत्रमागांचे शहर, नाशिक रस्त्यावरील गोदामांतील हजारो कामकरी, वज्रेश्वरी-गणेशपुरीचे यात्रेकरू, या सर्वांस भाजी, रानमेवा, मासळी व तयार भाकरी रोज लागते.

यात जमीनधारकांचे कर्तव्य काय? प्रथम, आपल्या जमिनीवर ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या वास्तव्याविषयी खरी साक्ष लेखी द्यावी. दुसरे, ज्याची सचोटी आपण शेतात पाहिली आहे, त्याच्या लहान कर्जास जामीन राहण्यास कचरू नये. तिसरे, गावच्या सोसायटीने आषाढात, माणसे घरी असताना, अर्ज भरून शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे पोचवावेत, आणि त्यांचा पाठपुरावा गणेशचतुर्थीपूर्वी पुरा करावा. लावणीस जे हात आपल्या शेतात येतात, ते कापणी संपताच बयाण्याच्या दोरीने ओढले जातात, व त्यांच्याबरोबर शाळेतील मुलेही जातात. ही दोरी सुटावी असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी मुकादमाच्या आधी त्या दारी पोचले पाहिजे.