खाडीकाठची स्वस्त खोली आणि कोर्टाचा मनाई हुकूम

मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी भराव टाकून बांधलेल्या चाळींत खोल्या स्वस्तात मिळतात. आपले कारागीर बांधव भिशीचे पैसे, घरातले दागिने घालून त्या घेतात. म्हणून हा खुलासा आम्हाला जरुरीचा वाटतो.

६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवने, म्हणजे तिवरे, तोडण्यास व तेथे भराव आणि बांधकाम करण्यास मनाई केली. तिवरांच्या चोहोबाजूंच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम बंद केले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालातही ही बंदी राहिली. जमीन सरकारी असो वा खासगी, हुकूम सारखाच लागू.

म्हणजे विकणाऱ्याच्या नावाचा सातबारा खरा असला, तरी अशा जागेवरचे बांधकाम कायदेशीर होत नाही. वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा नोटरीचा करारनामा यांनीही होत नाही. खोली पाडली गेली की नुकसान घेणाऱ्याचे. विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी बांधकामाची परवानगी मागा, वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे सर्व्हे नंबरची चौकशी करा आणि कागद वकिलाला दाखवा. वकिलाची फी एकदाच जाते; खोली गेली तर आयुष्यभराची हलाल कमाई जाते.