उपग्रहाचे ढगचित्र आणि शाळेपुढील ओढा

पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून व मोबाईलवर येणारे ढगांचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. ते कोठून येते हे वरच्या इयत्तांतील मुलांना सांगता यावे, आणि त्यावर किती विसंबावे हे शिक्षकांच्या ध्यानी यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून इन्सॅट-३डीएस हा हवामान-उपग्रह सोडला. अशा उपग्रहाचे स्थान विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असते. त्या उंचीवर एका प्रदक्षिणेस लागणारा काळ पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या काळाएवढाच असतो. त्यामुळे उपग्रह आकाशात एकाच जागी स्थिर राहतो आणि आपला देश सतत त्याच्या दृष्टीसमोर असतो.

हे मुलांना अंगणात करून दाखवावे. एका मुलाने पृथ्वी होऊन जागच्या जागी गिरकी घ्यावी, दुसऱ्याने उपग्रह होऊन त्याच दिशेने त्याच्याभोवती चालावे. दोघांची फेरी एकाच वेळी पुरी झाली, तर ते अखेरपर्यंत समोरासमोर राहतात. अंतराची कल्पना यावी म्हणून फळ्यावर वीतभर व्यासाची पृथ्वी काढावी. उपग्रहाचा ठिपका तिच्या कडेपासून जवळजवळ तीन विती दूर द्यावा लागेल.

उपग्रह दिवसा सूर्यप्रकाशात ढग पाहतो आणि ढगांपासून निघणारी उष्णता टिपून रात्रीही पाहतो. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच, असे अनुमान केले जाते. अरबी समुद्रातील वादळ किनाऱ्यापासून दूर असतानाच कळते, ते यामुळेच.

परंतु उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा. त्याखाली पाऊस किती पडतो, याचा अंदाजच बांधावा लागतो. सह्याद्रीला अडून वर चढणाऱ्या वाऱ्यांमुळे आपल्याकडे फारशा उंच नसलेल्या ढगांतूनही मुसळधार पाऊस पडतो. शिवाय पाऊस सर्वत्र सारखा नसतो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच मुंबईतील कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच. आपल्या जिल्ह्यात जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली.

म्हणून मुरबाड-शहापूरकडील ज्या शाळांची मुले ओढा ओलांडून येतात, तेथील शिक्षकांनी वरच्या चित्राला खालच्या नोंदीची जोड द्यावी. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा झाडे व छप्पर यांपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी पट्टीने मोजून मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. हवामान खाते २४ तासांतील ६४.५ मिलिमीटरपासूनच्या पावसास मुसळधार व २०४.४ हून अधिक पावसास अत्यंत मुसळधार म्हणते, हेही त्या वहीत लिहावे. ओढ्याच्या मोरीवर रंगाची खूण करावी आणि पाणी खुणेस केव्हा लागले, हे पावसाच्या आकड्याशेजारी नोंदवावे. एक-दोन पावसाळ्यांत किती पावसाने आपला ओढा भरतो, हे समजू लागेल. मग जिल्ह्यासाठी नारिंगी वा लाल इशारा आला असता आपल्या वाटेवर काय होईल, हे आधीच ओळखता येईल.

तथापि डोंगरात पाऊस झाला, तर शाळेवर ऊन असतानाही ओढ्यास लोंढा येतो. सबब शाळा सोडण्यापूर्वी पाणी स्वतः पाहावे. ते खुणेवर असेल, तर पलीकडच्या मुलांना एकटे न सोडता शाळेतच थांबवून घ्यावे आणि पाणी ओसरल्यावर पालकांच्या हाती सोपवावे.