फॉरमॅट मारण्याआधी घड्याळ बघा

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाचं जवळजवळ तीन वर्षांचं दप्तर पुसलं जाता जाता वाचलं. पुसायला निघालेली मीच होते, म्हणून हा कबुलीजबाब.

गटाचा कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये असतो. मी साधी बी. ए. झालेली बाई, पण की-बोर्डला हात लावायला घाबरत नाही, एवढ्यावर गटाची ‘कॉम्प्युटरवाली’ ठरले. बारा बायका, दरमहा दोनशे रुपये बचत, आपसांत दिलेली कर्जं, हप्ते, व्याज असं सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. पूर्वी हाताने लिहायची वही होती. फाइल झकास चालायला लागली आणि वही माळ्यावर गेली.

बँकेच्या कर्जासाठी कागद जमवत होतो. खात्याचा उतारा काढावा म्हणून बँकेची साइट उघडली, तर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा लाल इशारा. राउटर बंद-चालू केला, ब्राउझर बदलला, देवाचं नाव घेतलं. काही नाही. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने मशीन न बघताच निदान केलं, “विंडोज गेलंय मॅडम, फॉरमॅट मारू. डेटाची कॉपी आहे ना?” मी ऐटीत म्हणाले, “आहे की! दर महिन्याला पेनड्राइव्हवर घेते.”

फॉरमॅट म्हणजे घरात झुरळ दिसलं म्हणून अख्खं घर रिकामं करून रंग काढण्यासारखं. कधी कधी लागतंही, पण आधी झुरळ कुठून आलं ते तरी बघावं! आपल्या पुण्याचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. गिऱ्हाइकांची मशीनं व्हायरसने बेजार होऊन येत, तेव्हा त्यांचे भाऊ संजय यांनी तो काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं.

मोशीचं एक बरं आहे. एका अंगाला भोसरी, दुसऱ्या अंगाला इंद्रायणीपलीकडे चाकण, त्यामुळे प्रत्येक इमारतीत कारखान्यातलं कुणीतरी सापडतंच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची सून चाकणच्या एका कारखान्यात सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर आहे. काकू आमच्याच गटातल्या. त्यांची नेहमीची तक्रार, “सगळं नीट चालू असलं की ही नुसती स्क्रीनकडे बघत बसते म्हणे. आणि बिघडलं की रात्री दोनला फोन! ही कसली नोकरी बाई?” आम्हीही हसायचो.

त्या दिवशी गुरुवार होता, एमआयडीसीची सुट्टी. तिला जिन्यातच गाठलं. ती येऊन बसली, पण माऊसला हात लावला नाही. आधी विचारलं, “ताई, शेवटचं नीट कधी चाललं होतं? त्यानंतर काय बदललं?”

काय बदलणार? आठवून आठवून सांगितलं, की दोन दिवस गावाला गेलो तेव्हा मेन स्विच बंद केला होता. तिने स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथली तारीख होती २०१५ सालची!

मशीनच्या आत बोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालू ठेवतो. आमचा सेल कधीच संपला होता, पण बोर्डाचं बटण सदा चालू असायचं म्हणून कळलं नाही. वीज तोडली आणि घड्याळ मागे गेलं. बँकेच्या साइटकडे ओळखपत्रासारखं एक प्रमाणपत्र असतं, त्याला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. आमच्या मशीनच्या लेखी ती मुदत सुरू व्हायलाच दहा-एक वर्षं होती. मग ते कसं दार उघडेल? तारीख नीट केली, साइट उघडली. दुसऱ्या दिवशी चाळीस रुपयांचा सेल बसवला.

मी चहा टाकायला उठले तर ती म्हणाली, “तो पेनड्राइव्ह दाखवा बरं.”

लावला. फाइलचं चित्र होतं, नाव बरोबर होतं. पण चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता आणि आकार फक्त दोन केबी. “ताई, ही फाइल नाही. फाइलकडे जायचा रस्ता आहे. रस्त्याचीच कॉपी घेत आलात तुम्ही.” डेस्कटॉपवरचा शॉर्टकट मी दर महिन्याला इमानेइतबारे उचलून ठेवत होते! चहा तसाच राहिला. गटातल्या एकीने मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पंधरा हजार घेतलेत. किती हप्ते फिटले, किती राहिले, ते त्या फाइलशिवाय कुठेच नाही. उद्या ती म्हणाली असती अकरा आणि दुसरी म्हणाली असती नऊ, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार होते? बचत गटाच्या पंचसूत्रीत ‘अद्ययावत हिशेब’ हे सूत्र उगीच नाही.

तिने दिलेले धडे आता आमच्या कॉम्प्युटरशेजारच्या शंभर पानी वहीत आहेत. काय बिघडलं, काय केलं, कशाने सुटलं, हे तारखेसकट लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. (हे औषधांनाही लागू आहे.) कॉपी दोन ठिकाणी ठेवायच्या, एक घराबाहेर. पेनड्राइव्ह काम झालं की काढून ठेवायचा, कारण फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या पेनड्राइव्हलाही सोडत नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार केला, तेव्हा त्यावरचं अपडेट दोन महिने आधीच आलेलं होतं, पण अनेकांनी ते घेतलंच नव्हतं. आमच्या मशीनवर विंडोज १० आहे, त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यामुळे नव्या मशीनचा खर्च गटापुढे मांडलाय, बघू.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, तो एकदम फार वीज ओढतो. आणि ‘बँकेच्या आयटीमधून बोलतोय, हे अॅप टाका’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यायचा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन.

पण सगळ्यात मोठा धडा म्हणजे कॉपी घेतली म्हणून समाधान मानायचं नाही, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. कारखान्यात ती नेमकं हेच करते. ‘नुसती स्क्रीनकडे बघत बसते’ म्हणजे रात्रीच्या कॉप्या नीट झाल्या का, डिस्क भरत आली का, कुठलं मशीन तापतंय, हे बघत असते. घर लख्ख असलं की बाईने दिवसभर काय केलं असं विचारतातच ना, तसं!

२००० सालापासून जुलैचा शेवटचा शुक्रवार हा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरांच्या कौतुकाचा दिवस मानतात. अमेरिकेतल्या टेड केकाटोस यांनी तो सुरू केला. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “वर्षातून एकच?”

आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पेनड्राइव्ह काकूंच्या घरच्या लॅपटॉपवर उघडतो, पाळीपाळीने. यावेळी पाळी काकूंची होती. चष्मा पुसून त्यांनी आधी कोपऱ्यातली तारीख वाचली, मग फाइलच्या चित्राला बाण नाही ना ते पाहिलं, आणि सुनेला हाक मारली, “अगं ये, तुझी सही लागते वहीत.”