पेटू न देणारी यंत्रणा

शिर्डीच्या प्रसादालयात 2009 साली 73 सौर तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर रोज सुमारे 20,000 भाविकांचे अन्न शिजवण्याची सोय झाली. कौतुक झाले ते इंधनबचतीचे, आणि ते रास्तच होते. त्या वाफेची दुसरी बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. तबकडीला भट्टी नसते, त्यामुळे न जळालेले इंधन साठून भडका उडण्याचा धोकाही नसतो. आभाळ भरून आले की इंधनाचा बॉयलर लागतोच आणि त्याच्याबरोबर हा धोकाही येतो. मुंबईहून निघणाऱ्या मालवाहू जहाजाला तर दुसरा मार्गच नाही. जड इंधनतेल थंड असताना डांबरासारखे घट्ट असते. ते पंपातून वाहावे, नीट फवारले जावे म्हणून वाफेने तापवावे लागते. अनेक जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणीही नसते. बॉयलर आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो.

बर्नरची स्वयंचलित नियंत्रणे आग पेटवण्यासाठी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्यांचे मुख्य काम नकार देण्याचे आहे. वाफेचा दाब उतरला की आधी पंखा सुरू होतो. तेल तेव्हा बंदच असते. हवा खरोखर वाहते आहे याची खात्री पटली, की भट्टीपासून धुराड्यापर्यंतची हवा किमान चार वेळा बदलेल इतका वेळ पंखा फुंकत राहतो. हाच पर्ज. त्यानंतर ठिणगी, आणि मग तेल. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर तेल तोडले जाते. तेलाचा व्हॉल्व्ह वीज असेतोवरच उघडा राहतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला मिटवते. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानेही माणसाच्या देखरेखीशिवाय चालणाऱ्या तेलाच्या बॉयलरला हेच बंधन घातले आहे: पाणी खाली गेले, हवा थांबली किंवा ज्योत विझली, तर इंधन बंद झाले पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे.

आता ज्योत आहे की नाही हे ठरवायचे कोणी? हे काम फ्लेम आयचे, आणि सगळ्यात जास्त डोके इथेच लढवले गेले आहे. साध्या प्रकाशसेलला लालबुंद तापलेली वीटही ज्योत वाटू शकते. म्हणून अतिनील किरण ओळखणारे सेल आले. पण असा सेल बिघडला तर विझलेल्या भट्टीतही ‘ज्योत आहे’ असे सांगत बसण्याची शक्यता असते. त्यावर उपाय म्हणून काही सेलपुढे उघडमीट करणारी झडप बसवली गेली. झडप मिटलेली असतानाही सेलने ज्योत दाखवली, तर त्याचे पितळ उघडे पडते. पेटवण्याआधीच भट्टीत ज्योत दिसू लागली, तर यंत्रणा सुरूच होत नाही. इतका संशयी पहारेकरी माणसांतही विरळा.

जहाजावरच्या लोकांचा आक्षेप असा, की फ्लेम आयची काच काजळली तरी बॉयलर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. भर वादळात वाफ गेली आणि तेल गार पडले तर जहाजच संकटात येईल. आक्षेप खोटा नाही. पण त्यावर फ्लेम आय बायपास करणे किंवा त्याच्यापुढे टॉर्च धरणे हा उपाय होऊ शकत नाही. काच पुसणे हाताशी असताना पहारा उठवायचा कशाला? ज्योत न दिसल्याने यंत्रणा अडून बसली (लॉकआउट), की रिसेटचे बटण माणसानेच दाबायचे, ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडे तेल भट्टीच्या तळाशी पडू शकते. पर्जने त्याचे वाफारे निघून जातात, विटांत मुरलेले तेल मात्र जात नाही. गरम विटांवर त्याचे नवे वाफारे उठतच राहतात. हे तेल कोणत्याही सेलला दिसत नाही. भट्टीत न डोकावता पुन्हापुन्हा रिसेट दाबत राहणारा माणूस स्वतःच स्फोटाची तयारी करत असतो.

ही नियंत्रणे सगळ्यापासून वाचवतात असेही नाही. 25 मे 2003 रोजी मायामी बंदरात ‘नॉर्वे’ या प्रवासी जहाजाचा बॉयलर फुटला आणि 8 कर्मचारी दगावले. तिथे वर्षानुवर्षे वाढलेल्या तड्यांनी हेडर, म्हणजे बॉयलरच्या नळ्या जिथे जोडलेल्या असतात तो भाग, फाटला होता. बर्नरच्या कंट्रोलला तडे दिसत नाहीत, त्यासाठी तपासणीच लागते. आणि कंट्रोलचीही तपासणी लागते. चालत्या बर्नरचा फ्लेम आय काढून झाकायचा, आणि तेल खरेच तुटते का, किती सेकंदांत तुटते, हे घड्याळ लावून पाहायचे. वेळ वाढलेली दिसली, तर तेलाचा व्हॉल्व्ह पुढच्या बंदराची वाट न पाहता बदलायचा.