तोंडांतील पांढरी जाळी

गोंदिया जिल्ह्यांत तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट निघाली म्हणजे बोट प्रथम खर्ऱ्याकडे वळतें, आणि तें योग्यच आहे. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ विदर्भांत खोलवर रुजला आहे. आणि तंबाखूवांचून नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालच्या ग्रंथांत दिलेला आहे. परंतु जिनें आयुष्यांत खर्रा तोंडांत घातला नाहीं, अशा गृहिणीच्याही गालाच्या आंतल्या बाजूस कधीं कधीं पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी उमटते, तिखट लागतांच आग होते, आणि वडीलधारीं माणसें 'उष्णता झाली' म्हणून गुलकंद देऊन मोकळीं होतात. ही उष्णता नसून लायकेन प्लॅनस नांवाचा विकार असूं शकतो.

हा विकार स्वयंप्रतिकाराच्या जातीचा मानला जातो. धानाच्या बांधीवर राखणीस बसविलेल्या माणसानें डुकरें हाकलण्याचें सोडून उभें धानच तुडवावें, तसा हा प्रकार होय. रोगजंतूंचा समाचार घेणाऱ्या पांढऱ्या पेशी तोंडाच्या अस्तराच्या तळच्या थरावरच चालून जातात. मेलेल्या पेशींची जागा भरण्यासाठीं उरलेल्या पेशींस वरचेवर विभागावें लागतें. प्रत्येक विभागणींत आनुवंशिक द्रव्याची नक्कल होते. नकला वाढल्या कीं चुका वाढतात. शिवाय दीर्घकाळच्या दाहांत निघणारीं द्रव्यें त्या आनुवंशिक द्रव्यास इजा करतात. अशा चुका सांचत गेल्या, तर एखादी पेशी बेबंद वाढूं लागते. तोच कर्करोगाचा आरंभ.

म्हणून घाबरून जाण्याचें मात्र कारण नाहीं. असे शंभर रुग्ण वर्षानुवर्षें तपासले, तर त्यांतील सुमारें एकासच कर्करोग होतो. जेथें जाळीबरोबर लाली व व्रण आहेत, जेथें जीभ ग्रासली आहे, किंवा जेथें तंबाखू वा मद्याची जोड आहे, तेथें धोका अधिक.

खरी अडचण निराळीच आहे. खर्ऱ्यानेंही तोंडांत पांढरे चट्टे पडतात. सुपारीमुळें गालाचें अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें. या व्याधीचें वर्णन मुंबईचे डॉ. जोशी यांनीं १९५३ सालीं केलें, आणि तिच्यांतून कर्करोग होण्याचा धोका पुष्कळच मोठा आहे. नुसत्या डोळ्यांनीं पाहून हे विकार दर वेळीं ओळखतां येत नाहींत. त्यासाठीं अस्तराचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावा लागतो. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, व नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय आहे.

लायकेन प्लॅनस समूळ नाहींसा करणारें औषध नाहीं. परंतु लावावयाच्या औषधांनीं दाह शमतो. दर सहा महिन्यांनीं तोंड तपासून घ्यावें, खर्रा व सुपारी वर्ज्य करावी, आणि वैद्यानें दिलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये. दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण, हातास लागणारी गांठ, किंवा आपलीं तीन बोटें उभीं न मावण्याइतकें आखडलेलें तोंड, यांपैकीं कांहींही आढळल्यास त्याच आठवड्यांत वैद्य गांठावा. व्यसन नाहीं म्हणून निर्धास्त राहणारी गृहिणी, आणि व्यसन आहे म्हणून लाजेनें तोंड न दाखविणारा तिचा पुत्र, या दोघांचेंही नुकसान एकच असतें: निदानास झालेला उशीर.